खानदेश आणि संघनित पदार्थाचा सैद्धांतिक अभ्यास : पार्श्वभूमी

घन आणि द्रव पदार्थांतील असंख्य कण एकत्र आल्यावर कसे वागतात, हे गणिताच्या आधारे उलगडणारी संघनित पदार्थ भौतिकी गेल्या शतकात घडली. १९२८ साली फेलिक्स ब्लॉख यांनी स्फटिकातील इलेक्ट्रॉनचे गणित मांडले, १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी अतिसंवाहकतेची, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहण्याच्या गुणधर्माची, उपपत्ती दिली, तर पुढच्याच वर्षी फिलिप अँडरसन यांनी पदार्थातील अव्यवस्था इलेक्ट्रॉनला जागच्या जागी अडकवू शकते, हे दाखवून दिले. याच प्रश्नावरील १९७९ च्या गाजलेल्या शोधनिबंधाच्या चार लेखकांपैकी एक टी. व्ही. रामकृष्णन होते, ही गोष्ट भारतीय विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

खानदेशात अमळनेरचे प्रताप आणि जळगावचे मूळजी जेठा ही महाविद्यालये चाळीसच्या दशकातली. पुढे बराच काळ येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. १९९१ मध्ये शोधनिबंध विनामूल्य उपलब्ध करून देणारे 'अर्काइव्ह' (arXiv) हे ऑनलाइन भांडार सुरू झाले. महागडी नियतकालिके घेऊ न शकणाऱ्या ग्रंथालयांच्या दृष्टीने हा बदल विद्यापीठाच्या स्थापनेइतकाच मोठा होता, असे मला वाटते.

आज एम.एस्सी.चा विद्यार्थी अँडरसन यांचे प्रारूप साध्या लॅपटॉपवर तपासू शकतो. एका ओळीत पाचशे स्थाने घ्यायची, प्रत्येकाला यादृच्छिक ऊर्जा द्यायची, इलेक्ट्रॉनला फक्त शेजारच्या स्थानावर जाऊ द्यायचे आणि तयार होणाऱ्या मॅट्रिक्सच्या (आकड्यांच्या चौकटीच्या) आयगेन अवस्था, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ठरावीक ऊर्जेच्या स्थिती, काढायच्या. अव्यवस्था पुरेशी असली की इलेक्ट्रॉनचा तरंग ओळीच्या एका छोट्या भागातच आकसलेला स्पष्ट दिसतो.

मात्र फळ्यासमोर तासन्‌तास वाद घालणारा गट लॅपटॉपवर मिळत नाही, आणि सैद्धांतिक संशोधन त्यावरच वाढते. म्हणून नेट, गेट किंवा जेस्ट या पात्रता व प्रवेश परीक्षा देऊन विद्यार्थी पुणे, मुंबई, बंगळूरु गाठतात. पाचेक वर्षांची पीएच.डी., मग बहुधा परदेशातली एक-दोन कंत्राटी पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची) पदे, आणि कायमची नोकरी लागली तर ती अनेकदा पस्तिशीच्या आसपास. शेतीवर अवलंबून असलेल्या घराला एवढी वर्षे थांबणे जड जाते, त्यामुळे शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर हातात पडणे हा येथे अभ्यास चालू ठेवण्याचा किंवा सोडण्याचाच प्रश्न ठरतो.