कमी बजेटचा गेमिंग कॉम्प्युटर: पैसे कुठे घालावेत, हात कुठे आखडावा

आमच्याकडे कॉम्प्युटर जोडून घ्यायला आलेला ग्राहक बहुधा प्रोसेसरचं नाव पाठ करून येतो. आम्ही आधी दुसरंच विचारतो: गेम कुठले खेळणार आणि मॉनिटर कोणता? हे न ठरवता केलेली खरेदी एकतर महाग पडते, नाहीतर तोकडी.

१९२० × १०८० च्या मॉनिटरवर जवळपास २१ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर ३७ लाख आणि फोर-के वर ८३ लाख. फोर-केसाठी ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रात, १०८० च्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. बजेट बेताचं असेल तर १०८० वर थांबा, त्यात काही कमीपणा नाही. हर्ट्झचा, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचा, हिशेब वेगळा आहे. ६० हर्ट्झला एक फ्रेम तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झला फक्त ६.९. तेवढ्या वेळात कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली हे प्रोसेसर ठरवतो आणि चित्र कार्ड रंगवतं. दोघांत जो मागे पडेल त्याच्या वेगाने गेम चालतो. म्हणून व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला प्रोसेसर जरा बरा लागतो आणि मोठाल्या कथानकांचे, देखणे गेम खेळणाऱ्याला कार्ड.

सध्याच्या मशीनमध्ये नक्की काय अडतंय हे घरीच कळतं. गेममधलं रेझोल्यूशन (पिक्सेलची संख्या) आणि ग्राफिक्सची सेटिंग्ज एकदम खाली आणा. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) भरभर वाढले तर कार्ड कमी पडत होतं. जागचे हलले नाहीत तर नवं कार्ड घेऊन उपयोग नाही, प्रोसेसर बदलायला हवा.

आता पैशांची वाटणी. आमचं गणित सोपं आहे: जे नंतर पाच मिनिटांत वाढवता येतं तिथे आज काटकसर करा. जे बदलायला सगळं मशीन खोलावं लागतं तिथे करू नका. रॅम, एसएसडी पहिल्या गटात. मदरबोर्ड आणि एसएमपीएस (सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा) दुसऱ्या. लोक बरोबर उलटं करतात.

ग्राफिक्स कार्ड

सगळ्यात मोठा वाटा याचाच, आणि फसगतही इथेच जास्त. खोक्यावरचं नाव तेच, आतला माल वेगळा, असं सर्रास होतं. उदाहरणार्थ आरटीएक्स ३०५० बघा. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर (आकडेमोड करणारे भाग) आणि १२८ बिटची मेमरी बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) आहे, ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिट. म्हणजे फरक नुसत्या २ जीबीचा नाही. (तरी ६ जीबीवाल्याला आम्ही नाव ठेवत नाही. ते ७० वॉटवर चालतं आणि बोर्डवर ते बसतं त्या स्लॉटमधूनच ७५ वॉट मिळतात, त्यामुळे ज्या जुन्या ऑफिस मशीनमध्ये कार्डासाठी पॉवर केबलच नाही तिथे ते छान बसतं.) जुन्या जीटीएक्स १०६० ची तीच गत. ३ जीबीवाल्यात ११५२ कोअर, ६ जीबीवाल्यात १२८०.

कार्डाची मेमरी भरली की गेम टेक्स्चर (भिंती, कपडे अशा पृष्ठभागांची चित्रं) कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवू लागतो आणि लागतील तशी कार्डाच्या स्लॉटमधून (पीसीआयई) ओढतो. हा रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी अरुंद असतो. सरासरी एफपीएस बरे दिसतात, पण वळताना, दार उघडताना चित्र अडखळतं. वर सांगितलेलं जुनं ऑफिस मशीन सोडलं, तर आज नवं कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली उतरू नका. आरएक्स ६५०० एक्सटीच्या मूळ कार्डात ४ जीबी मेमरी आणि स्लॉटच्या फक्त ४ लेन (डेटाच्या वाटा) आहेत. पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डवर ते दोन्हीकडून अडतं. नेमकं जुन्या मशीनसाठी स्वस्त कार्ड शोधणाऱ्याच्याच पदरी ते पडतं.

डीएलएसएस, एफएसआर या चित्र मोठं करणाऱ्या सोयी आहेत ना, मग लहान कार्ड चालेल, असं बरेच जण म्हणतात. १०८० वर क्वालिटी मोड लावला की कार्ड प्रत्यक्षात १२८० × ७२० चं चित्र काढतं आणि मोठं करून दाखवतं. मुळात पिक्सेल थोडे, त्यामुळे चित्र मऊ पडतं. कार्ड जुनं झाल्यावर ही सोय कामी येते, पहिल्याच दिवशी तिच्यावर विसंबू नका.

प्रोसेसर आणि बोर्ड

सहा कोअर, बारा थ्रेड पुरतात. इथेही नावापुढचे आकडे आणि अक्षरं नीट वाचा. एएमडीच्या रायझन ५ च्या ५६०० मध्ये ३२ एमबी एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आणि पीसीआयई ४.० आहे. ५५०० आणि ५६००जी मध्ये १६ एमबी आणि पीसीआयई ३.०. कार्ड आत्ताच घेणार असाल तर ५६००. कार्ड सहा महिन्यांनी घेणार असाल तर ५६००जी, कारण त्यात स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि ५६०० मध्ये नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर तिथेही ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

वरचे रायझन एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) बसतात, नवा सॉकेट एएम५. एएम४ बोर्डला डीडीआर४ रॅम लागते, एएम५ ला डीडीआर५. एकाची दुसऱ्यात बसत नाही. मशीन एकदा जोडून पाच वर्षं उघडायचंच नसेल तर एएम४ अजूनही शहाणपणाचा सौदा आहे. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा मनसुबा असेल तर एएम५ घ्या. तो सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं एएमडीने जाहीर केलं आहे.

रॅम १६ जीबी, पण एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन मिळून ५१.२. बोर्डला चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा. बायोसमध्ये (बोर्डची स्वतःची सेटिंग्ज) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालू करायला विसरू नका, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रेंगाळते. आम्ही स्वतः एकदा हे न तपासता मशीन दिलं होतं. ग्राहक दोन महिन्यांनी परत आला तेव्हा कळलं. तेव्हापासून मशीन देताना बायोसच्या पानाचा फोटो सोबत देतो.

एसएसडी कुठलीही ठीक कंपनीची एनव्हीएमई (वेगवान जातीची) घ्या. सेकंदाला ७००० एमबीचा वेग खोक्यावर शोभतो. ३५०० एमबीवालीच्या तुलनेत गेम उघडायला बहुधा एखाद-दोन सेकंदांचा फरक पडतो आणि एफपीएस वाढत नाहीत.

एसएमपीएस

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस आम्ही गेमिंग मशीनला लावत नाही, ग्राहक रुसला तरी. खोक्यावर ५०० वॉट लिहिलेलं असतं. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टची ओळ बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. ती ओळ ३०० वॉटवर थांबत असेल तर मोठा आकडा शोभेचा. '८० प्लस ब्राँझ' म्हणजे वीज किती कमी वाया जाते याचं माप, टिकाऊपणाची हमी नव्हे. आरटीएक्स ४०६० चं कार्ड ११५ वॉटचं, सोबत ६५ वॉटचा प्रोसेसर. सगळं मिळून अडीचशेच्या आसपास. चांगला ४५० वॉटचा पुरतो, ५५० घेतलात तर पुढच्या कार्डाला जागा राहते. साडेसातशेचा गळ्यात मारत असतील तर घेऊ नका. आणि मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडीपासून बोर्डपर्यंत काहीही जळू शकतं.

सेकंडहँड कार्ड घ्यायला हरकत नाही, अर्धा तास जड गेम चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज बघा. एसएमपीएस मात्र सेकंडहँड नको. जुना प्रोसेसर घेताना विंडोज ११ चालतं का हे विचारा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० व सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी) लागतं.

मशीन घरी नेल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डला नाही. 'नवीन मशीन स्लो आहे' असा फोन आला की आम्ही आधी हेच विचारतो. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर कित्येक घरांत मुकाट ६० वर चालू असतो.

आमच्याकडे येताना मॉनिटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो, नेहमी खेळता त्या तीन गेमची नावं आणि जुन्या मशीनमधलं वापरता येण्याजोगं जे काही असेल ते घेऊन या. चालू कॅबिनेट आणि जुनी एसएसडी वाचली तर ते पैसे कार्डात घालता येतात.