फोलिक ॲसिड : दिवस गेल्यावर सुरू करणं म्हणजे उशीर
‘दिवस राहिले की फोलिक ॲसिड सुरू करू’ हा समज घरोघरी आहे, आणि तो चुकीचा आहे. गर्भाच्या पाठीवरचा पेशींचा सपाट पट्टा तिसऱ्या आठवड्यात दुमडून त्याची नळी होऊ लागते. मेंदू आणि मज्जारज्जू तिच्यातूनच घडतात, आणि ती नीट मिटायला फोलिक ॲसिड हे ब-जीवनसत्त्व लागतं. गर्भधारणेपासून साधारण २५व्या दिवशी तिचं डोक्याकडचं टोक मिटतं, २८व्या दिवसापर्यंत खालचं. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींची तपासणीही झालेली नसते! वरचं टोक उघडं राहिलं तर बाळ जगत नाही. खालचं राहिलं तर मणक्यात फट, पाय कमजोर, लघवीवर ताबा नाही. नंतरच्या गोळीने ही फट सांधत नाही. म्हणून किमान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्या. आधीच्या बाळाला हा दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर डोस मोठा लागतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.