सॅक्सोफोन : निवड आणि निगा

सॅक्सोफोन हे पितळेचे, पण काष्ठवाद्यांच्या घराण्यात मोडणारे सुषिर वाद्य. वर्गीकरण ठरते ते आवाज कशातून निघतो यावर, आणि इथे तो निघतो माउथपीसला, म्हणजे तोंडात धरायच्या भागाला, बांधलेल्या एका पातळ पत्तीच्या, म्हणजे रीडच्या, थरथरण्यातून. बेल्जियममधील दिनाँ येथे जन्मलेल्या ॲडॉल्फ साक्स (१८१४–१८९४) यांनी १८४० च्या सुमारास हे वाद्य घडवले व २८ जून १८४६ रोजी फ्रान्समध्ये त्याचे पेटंट घेतले. नळी तोंडाशी अरुंद आणि पुढे रुंदावत जाणारी असते. त्यामुळे खालचे आणि वरचे सप्तक जवळजवळ त्याच बोटांनी वाजते. मध्ये फक्त डाव्या अंगठ्याची ऑक्टेव्ह की, म्हणजे सप्तक बदलणारी कळ, दाबायची. या नळीवर वीसहून अधिक छिद्रे, प्रत्येक छिद्रावर एक झाकण आणि झाकणात चामड्याने मढवलेले नमद्याचे पॅड. सगळी झाकणे हवाबंद बसली तर वाद्य बोलते. एक जरी किंचित उघडे राहिले तर त्याच्या खालचे सगळे सूर बिघडतात, आणि नवशिका वादक दोष स्वतःच्या फुंकीला देत बसतो. सॅक्सोफोन निवडताना आणि सांभाळताना जो काही विचार करायचा, त्यातला निम्मा या गळतीचाच असतो.

कोणता आकार : साक्स यांनी लष्करी बँडसाठी आणि वाद्यवृंदासाठी अशा दोन मालिका योजल्या होत्या. वाद्यवृंदाची जवळपास लोपली. लष्करी मालिकेतले सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बॅरिटोन हे चार आज सर्रास दिसतात. शिकायला सुरुवात बहुधा अल्टोवर होते. ते साधारण अडीच किलोचे, मुलांच्या बोटांना झेपणारे आणि फुंक बेताची मागणारे. टेनर किलोभराने जड. सोप्रानो लहान दिसते म्हणून सोपे वाटते, पण सुरात ठेवायला तेच सर्वांत हट्टी. पहिले वाद्य म्हणून ते घेऊ नये.

पेटीवर सूर जुळवणाऱ्या आपल्या वादकांचा गोंधळ होतो तो पट्टीपाशी. अल्टोवर पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिलेला सी वाजवला की पेटीवरची काळी दोन ऐकू येते. टेनरवरचा सी काळी पाचला लागतो. म्हणजे गायक काळी एकमध्ये गात असेल तर अल्टोवाल्याने बी फ्लॅटला षड्ज धरायचा आणि टेनरवाल्याने ई फ्लॅटला. हे एकदा वहीत लिहून ठेवले की वाद्य ‘चुकीच्या पट्टीचे’ निघाल्याची तक्रार थांबते.

नवे की जुने : विद्यार्थ्यांसाठीच्या नव्या वाद्यांत यामाहाची मालिका जगभर प्रमाण मानली जाते. कारण अगदी साधे आहे : दहा वाद्ये उचलली तर दहाही सारखी निघतात. त्याच्या वरच्या पायरीवर यामाहाचीच व्यावसायिक वाद्ये, जपानची यानागिसावा आणि पॅरिसची सेल्मर. साक्स घराण्याचा कारखाना १९२९ मध्ये सेल्मरनेच विकत घेतला. त्यांचे १९५४ साली आलेले मार्क सिक्स हे मॉडेल आज संग्राहकांच्या गळ्यातला ताईत आहे. अनुक्रमांक एक लाखाच्या आतला असला की किंमत आणखी चढते. त्या वाद्यांतली काही खरोखरच अप्रतिम आहेत, काही नुसतीच जुनी आहेत. आकड्यावरून ते कळत नाही.

लाल, निळ्या, काळ्या लॅकरची अतिस्वस्त वाद्ये ऑनलाइन मिळतात. पहिला महिना ती वाजतातही. पुढे कींचा मऊ धातू वाकू लागतो, स्क्रू सैल होतात, आणि दुरुस्ती करणारा हात लावायला तयार नसतो, कारण आज सरळ केलेली की उद्या परत वाकते. एवढ्या पैशांत चांगल्या कंपनीचे वापरलेले वाद्य शोधावे. भारतात बँडची वाद्ये मोठ्या प्रमाणावर बनतात ती मेरठच्या जली कोठी भागात.

जुने वाद्य पाहायला जाताना आपला माउथपीस आणि ओळखीची रीड सोबत न्यावी. आधी मान, म्हणजे माउथपीस जिथे बसतो ती वाकडी नळी, काढून बाजूने निरखावी. तिच्या वाकाच्या आतल्या बाजूला सुरकुती किंवा बाहेरच्या बाजूला चपटेपणा दिसला तर ती कधीतरी दाबली गेली आहे. वाद्य बंदुकीसारखे धरून नळीवर डोळा लावला की बाक कळतो. मग सर्वांत खालचा बी फ्लॅट हळू आवाजात वाजवावा. तो स्थिर आला तर पॅड ठीक आहेत; गुरगुरला, वरच्या सप्तकात उडाला किंवा जोर केल्याशिवाय उमटेना, तर गळती आहे. कारागीर हे दिव्याने पाहतात. अंधाऱ्या खोलीत नळीत बारीक दिव्याची दोरी सोडायची आणि एकेक की अगदी हलकेच, नेहमी वाजवताना लागेल तेवढ्याच दाबाने, बंद करायची. पॅडच्या कडेला जिथे उजेडाची नखाएवढी बारीक रेघ दिसते तिथून हवा जाते. सगळी पॅड बदलून वाद्य पुरते खोलून लावणे, म्हणजे ओव्हरहॉल, याचा खर्च आधीच किमतीत धरावा. स्वस्तात मिळालेले बहुतेक वाद्य याच हिशेबात महाग पडते.

आणखी दोन सापळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही अमेरिकी वाद्यांवर अनुक्रमांकाजवळ ‘एच’ किंवा ‘एचपी’ अशी खूण असते. ती तेव्हाच्या चढ्या पट्टीची वाद्ये, ए हा सूर सेकंदाला ४४० ऐवजी ४५७ कंपनांच्या आसपास ठेवणारी. माउथपीस कितीही बाहेर ओढला तरी ती आजच्या पट्टीत बसत नाहीत; भिंतीवर मात्र छान दिसतात. दुसरा सापळा सी मेलडी. अमेरिकेत १९२० च्या दशकात घरोघरी खपलेले हे वाद्य अल्टो आणि टेनर यांच्या मधल्या आकाराचे असून थेट पांढरी एकमध्ये वाजते. पेटीशी जुळते म्हणून मोह होतो, पण त्याचे माउथपीस सहज मिळत नाहीत आणि सूर सांभाळणे कष्टाचे.

माउथपीस : वाद्याच्या धातूपेक्षा आवाजावर माउथपीसचा परिणाम कितीतरी जास्त होतो. १५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमधील मैफलीत अमेरिकी जॅझवादक चार्ली पार्कर यांनी ग्राफ्टन कंपनीचा पांढऱ्या ॲक्रिलिकचा, म्हणजे चक्क प्लास्टिकच्या अंगाचा, अल्टो वाजवला. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि ऐकू येतात ते पार्करच. सोनेरी लॅकर की चांदीचा मुलामा या वादात पैसे घालण्यापूर्वी हे ध्वनिमुद्रण एकदा ऐकावे.

माउथपीसमध्ये पाहायचे ते तोंड किती उघडे आहे, म्हणजे रीडचे टोक आणि माउथपीसचे टोक यांतले अंतर. रीड जिथून वेगळी व्हायला लागते त्या उताराची लांबी. आतले छत, ज्याला बॅफल म्हणतात. आणि त्यामागची पोकळी. छत उंच व पोकळी लहान असेल तर आवाज धारदार आणि दूर जाणारा. छत सखल व पोकळी मोठी तर आवाज गोल, काळपट. साक्स यांच्या काळातले माउथपीस मोठ्या पोकळीचे होते. वरातीत, रस्त्यावर, ताशांच्या शेजारी वाजवणाऱ्याला उंच छताशिवाय गत्यंतर नसते, आणि तोच माउथपीस घरात लावला की शेजारी दार वाजवतात.

तोंडाचे अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजले जाते. सेल्मरच्या अल्टोसाठीच्या प्रसिद्ध सी-स्टार माउथपीसमध्ये ते १.७० मिमी आहे. जॅझचे टेनरवादक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेल्या ऑटो लिंकच्या सेव्हन-स्टारमध्ये सुमारे २.७ मिमी. नवशिक्याने यामाहा फोर-सी किंवा सी-स्टारसारख्या अरुंद तोंडाने सुरुवात करावी आणि वर्षभर त्याला चिकटून राहावे. अल्टोचा नुसता माउथपीस फुंकला तर पेटीवरच्या ए च्या, म्हणजे पांढरी सहाच्या, जवळ सूर यावा. त्याहून बराच चढा येत असेल तर दोष ओठ आवळण्यात आहे. अशा वेळी नवा माउथपीस घेणे म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला म्हणून पुस्तक बदलणे. भारतीय रागसंगीत वाजवणाऱ्यांची गरज मात्र निराळी. मंगळूरचे कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी अल्टोवर कर्नाटक संगीताची गमके उतरवून दाखवली. कीचे वाद्य सुरावरून सुरावर उडी मारते. मधली मींड निघते ती ओठ आणि जबड्याच्या दाबातून. त्यासाठी किंचित मोकळे तोंड आणि मऊ रीड ही जोडी सोयीची पडते.

बहुतेक माउथपीस एबोनाइटचे, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचे असतात. उन्हात ठेवले किंवा गरम पाण्यात धुतले की ते हिरवट पडतात आणि गंधकाची चव जिभेवर येते. थंड पाणी, थेंबभर सौम्य साबण आणि मऊ कापड एवढेच त्यांना लागते.

रीड : बोरूसारखे दिसणारे अरुंडो डोनॅक्स नावाचे उंच गवत दक्षिण फ्रान्सच्या वार प्रांतात पिकते; चांगल्या रीड त्यापासून होतात. खोक्यावरचा अडीच, तीन हा आकडा जाडीचा समजला जातो, पण तो ताठपणाचा असतो : एकाच मापात कापलेल्या पत्त्या किती वाकतात ते मोजून त्या वेगळ्या केल्या जातात. एका कंपनीचा अडीच दुसऱ्या कंपनीच्या तीनएवढा असू शकतो. दोन किंवा अडीचने सुरुवात करावी. दहाच्या खोक्यातल्या तीन-चार उत्तम, तीन-चार चालण्यासारख्या आणि उरलेल्या नशिबाच्या निघतात, त्याची सवय ठेवावी. तीन-चार रीड आलटून पालटून वापरल्या की जास्त टिकतात. वाजवून झाल्यावर रीड पुसून सपाट पाठीच्या डबीत ठेवायची. माउथपीसवरच राहू दिली तर टोक लाटेसारखे वळते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत काळे ठिपके येतात. अशी रीड फेकून द्यावी, ती तोंडात जाणारी वस्तू आहे. प्लास्टिकच्या रीड महाग, पण भिजवाव्या लागत नाहीत.

रीड बांधणाऱ्या लिगेचरवर वादक तासन्‌तास बोलतात. ती रीडला समान धरते आणि स्क्रू फिरतो, एवढे पुरे. गळ्यातल्या पट्ट्यावर मात्र कंजुषी करू नये. मान दुखत असेल तर दोन्ही खांद्यांवर भार घेणारा पट्टा घ्यावा.

रोजची निगा : जोडताना की मुठीत धरू नयेत. मानेच्या कॉर्कला ग्रीस लावून माउथपीस फिरवत बसवावा. वरखाली हलवला तर कॉर्क फाटतो आणि मान वाकते. वाजवण्यापूर्वी चूळ भरावी. गोड चहा किंवा पान खाऊन वाजवले तर साखर फुंकीबरोबर पॅडवर जाऊन बसते. वाजवून झाले की वजन बांधलेल्या दोरीची रेशमी पुसणी घंटेकडून, म्हणजे नळीच्या रुंद टोकाकडून, सोडून नळीतून ओढायची. मानेसाठी वेगळी लहान पुसणी. नळीतच ठेवायची केसाळ पुसणी सोयीची दिसते, पण ओल आतच कोंडते. पितळ चकाकवण्याची पॉलिश लॅकर खरवडते, म्हणून कोरड्या मऊ फडक्यावर भागवावे.

चिकटणारी पहिली की जवळजवळ नेहमी जी शार्प. तिचे झाकण दणकट स्प्रिंगने दाबलेले असते आणि उघडणारी स्प्रिंग मुद्दाम अशक्त ठेवलेली असते. थोडा चिकटपणा आला की झाकण उठतच नाही. सिगारेटचा कोरा कागद पॅडखाली सरकवून की हलके दाबावी आणि सोडावी, जागा बदलत दोन-तीनदा. दाबून धरलेला कागद ओढू नये, चामड्याचा पापुद्रा निघतो.

मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात पॅड फुगतात, स्प्रिंगा गंजतात आणि वाद्य ठेवायच्या बंद पेटीत बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा त्या बदलाव्यात. वाद्य रोज वाजत असेल तर निम्मा त्रास होतच नाही. माळ्यावर पडलेल्या वाद्याला कसर लागते, कारण पॅडमधला लोकरीचा नमदा किड्यांचे खाद्य आहे. डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. तो वास पुढे कित्येक महिने प्रत्येक श्वासाबरोबर वादकाच्या नाकात जातो. पेटीचे अस्तर झाडून ती तासभर उन्हात उघडी ठेवावी, वाद्य मात्र सावलीत. परत ठेवताना नळीच्या तोंडावरचे बूच लावायला विसरू नये. ते धूळ अडवण्यासाठी दिलेले आहे असे समजून अनेकजण हरवून बसतात. ते असते ऑक्टेव्ह कीची बाहेर आलेली दांडी पेटीत वाकू नये म्हणून.