इस्राएल आणि मंडळी

देवाने अब्राहामाला आणि त्याच्या वंशाला दिलेली अभिवचने ख्रिस्तानंतर कोणाची, इस्राएलाची की मंडळीची (म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाची, चर्चची), या प्रश्नावरची ख्रिस्ती मते. मराठी वाचकासाठी गोंधळ नावापासूनच सुरू होतो. पवित्र शास्त्रात ‘इस्राएल’ म्हणजे याकोब आणि त्याच्यापासून झालेले लोक. वर्तमानपत्रातले ‘इस्रायल’ म्हणजे 1948 साली स्थापन झालेले राष्ट्र. शिवाय पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, आहेतच. पहिल्या अर्थाचे वचन काढून दुसऱ्याला जसेच्या तसे लावले, की चर्चा भरकटते.

अभिवचनांत वंश आहे, आशीर्वाद आहे आणि भूमीही आहे. त्या भूमीचे वर्णन बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (8:8) येते: गहू, जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, जैतून, मध. सोलापूरच्या शेतकऱ्याला या यादीत अनोळखी असे एकच झाड, जैतून (ऑलिव्ह). आणि प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात दृष्टान्तासाठी नेमके तेच निवडले. मूळ झाड इस्राएलाचे. त्याच्या काही फांद्या तोडल्या गेल्या आणि त्या जागी रानटी जैतुनाची फांदी, म्हणजे विश्वास ठेवणारे परराष्ट्रीय (यहुदी नसलेले लोक), कलम केली गेली. या भागात गावठी बोरीच्या खुंटावर उमराण या बोराच्या जातीचा डोळा भरतात: मूळ रानटी, फळ चांगल्या जातीचे. पौलाचे कलम बरोबर उलटे आहे आणि हे निसर्गाविरुद्ध असल्याचे तो स्वतःच सांगतो (11:24). फांदीने मुळापुढे फुशारकी मारू नये, तोडलेल्या फांद्या पुन्हा जोडायला देव समर्थ आहे, असेही तो बजावतो. बोरीची बाग पाहिलेल्याला ही ताकीद चटकन कळावी.

तरीही पुढच्या मंडळीने ती फारशी ऐकली नाही. यहुदी शास्त्र (जुना करार) टाकूनच द्यावे, ही मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाची भूमिका दुसऱ्या शतकात फेटाळली गेली. पण त्याच शतकात, सुमारे 160 साली, जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकच खरे इस्राएल असे लिहिले. इस्राएलाची जागा मंडळीने घेतली, हे मत पुढे शतकानुशतके प्रबळ राहिले. त्याला गलतीकरांस 3:29 चा आधार दिला जातो: जे ख्रिस्ताचे, ते अब्राहामाचे वंशज. वचन खरे आहे, पण परराष्ट्रीयांना आत घेणाऱ्या या वचनातून यहुद्यांना बाहेर काढण्याचा अर्थ निघत नाही. त्या अर्थाने यहुदीद्वेषाला धर्माचे पाठबळ मिळाले. 1543 मध्ये प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरने यहुद्यांची सभास्थाने जाळावीत असे लिहिले, हे प्रोटेस्टंट मंडळ्यांनी विसरू नये.

एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मशिक्षकाने उलट टोक गाठले. त्याच्या मते इस्राएल आणि मंडळी हे देवाचे दोन वेगळे लोक. भूमीची अभिवचने इस्राएलासाठी अक्षरशः पूर्ण व्हायची आहेत. 1909 च्या, टिपांसह छापलेल्या स्कोफील्ड बायबलमुळे हे मत दूरवर पोहोचले. सुधारित (रिफॉर्म्ड) प्रोटेस्टंट परंपरेतील, देवाच्या करारांवर भर देणारे करारवादी मात्र देवाचे लोक एकच मानतात. दुसऱ्या महायुद्धातील नाझींच्या यहुदी संहारानंतर रोमन कॅथलिक चर्चने 28 ऑक्टोबर 1965 च्या जाहीरनाम्यात, देवाची कृपादाने व पाचारण माघारी घेतली जात नाहीत या रोमकरांस 11:29 मधील विचाराचा आधार घेतला आणि यहुदी लोक देवाला प्रिय आहेत असे म्हटले. पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी 2009 च्या ‘कैरोस’ निवेदनात, बायबलच्या आधारे आपले हक्क हिरावले जाऊ नयेत अशी मागणी केली. भूमीच्या अभिवचनावर बोलताना तिथे राहणाऱ्या या विश्वासी बंधुभगिनींचे ऐकणे आवश्यक आहे.

सोलापुरात प्रोटेस्टंट मंडळीचा पाया अमेरिकन मराठी मिशनने घातला. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार स्वतः चालवते अशा प्रोटेस्टंट परंपरेचे. त्याच्या मंडळ्या पुढे 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या या शहरात ‘परराष्ट्रीय’ हा शब्द स्वतःबद्दलच वाचावा लागतो. इथले जवळजवळ सगळे ख्रिस्ती पौलाच्या दृष्टान्तातली कलम केलेली फांदीच आहेत.