पाकिटावरची तारीख आणि डबा उघडल्यानंतरचे दिवस

(आमच्या इंदूरच्या गिऱ्हाइकांसाठी, किराणा-मसाला काउंटरवरून)

पाकिटावर छापलेली तारीख ही बंद पाकिटाची असते. एकदा कात्री लागली की तिचा भरवसा संपला. पुढचं सगळं तुमच्या डब्यावर, झाकणावर, चमच्यावर आणि स्वयंपाकघरातल्या उकाड्यावर. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच अडकतात. ‘तारखेला अजून चार महिने आहेत, मग रव्यात जाळी कशी झाली?’ असं काकू विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्तच असतो, कारण पाकिटावर हे कोणी ठळक लिहीत नाही. म्हणून हे पत्रक.

आधी तारीख वाचू या

एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पाकिटावर बनवल्याची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख छापावीच लागते. ‘बेस्ट बिफोर’ ही कंपनीने द्यायची तर द्यावी अशी जादाची तारीख. दोन्हींचा अर्थ वेगळा. एक्सपायरी टळली की माल खायचा नाही, आम्ही विकायचाही नाही, त्यात घासाघीस नाही. बेस्ट बिफोर टळली म्हणजे चव, वास, कुरकुरीतपणा कमी व्हायला लागला असेल. असा माल बघून, हुंगून ठरवता येतो.

घोळ होतो तो एका छोट्या ओळीने. काही पाकिटांवर फक्त पॅकिंगची तारीख असते आणि बाजूला बारीक अक्षरात ‘पॅकिंगपासून ९ महिने’ असं लिहिलेलं असतं. घाईत पॅकिंगची तारीखच शेवटची समजून चांगला माल कचऱ्यात जातो. साखर आणि व्हिनेगर यांना मात्र शेवटची तारीख छापायची सक्ती नाही, तेव्हा ती दिसली नाही तर काळजी नको. साखर कोरडी राहिली तर खराब होत नाही. गोळा झाली तर फोडून वापरा.

सुट्या मालाचं आम्ही असं करतो: पुडीवर भरल्याची तारीख पेनाने लिहितो. घरी डब्यात ओतताना ती चिठ्ठी कापून डब्यात टाका, किंवा झाकणावर पट्टी चिकटवून उघडल्याचा दिवस लिहा. फार तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पीठ आणि धान्य

लवकर खराब होणाऱ्यांत पहिला नंबर बाजरीच्या पिठाचा. बाजरीत तेलाचा अंश जास्त. दाणा अख्खा असेपर्यंत तो आत सुरक्षित असतो, दळला की हवेला उघडा पडतो आणि पीठ कडू होतं. आठ-दहा दिवसांपलीकडे बाजरीचं पीठ बाहेर ठेवू नका. संक्रांतीच्या थंडीत थोडं जास्त निभतं, उन्हाळ्यात तेवढंही नाही. ज्वारी त्यामानाने सोशिक. चक्कीवरून आणलेली कणीक हिवाळ्यात महिना-सव्वा महिना छान राहते, पावसाळ्यात मात्र दोन-तीन आठवड्यांपुरतीच दळून आणा. आणि दळून आणलेलं पीठ गरम असतं, ते गार होऊ द्या, मग झाकण लावा. गरम पिठावर झाकण लावलं की आतून घाम धरतो, तिथूनच बुरशीची सुरुवात.

रव्यातली जाळी बहुधा बाहेरून येत नाही. किड्याची बारीक अंडी आधीच आत असतात, उबदार दमट हवा मिळाली की ती फुटतात. यावर घरातला जुना उपाय अजून सगळ्यात चांगला: रवा मंद आचेवर कोरडाच भाजा, पूर्ण गार करा, मग भरा. मैदा आणि बेसन भाजून ठेवणं सगळ्यांना जमत नाही, त्यांनी पाकीट चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवावं आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावं, नाही तर पाणी धरतं. पोह्यांबद्दल इंदूरच्या घरांना काय सांगायचं! ते टिकण्याआधीच संपतात. तरी गावाहून पोतंभर आणणाऱ्यांसाठी: ऊन दाखवून, चाळून, घट्ट डब्यात ठेवले तर तीन-चार महिने ठीक. त्यानंतर कोंदट वास येतो, तो फोडणीनेही जात नाही.

होळीनंतर माळव्यात घरोघरी वर्षाचा गहू भरतात, लोकवन असो की शरबती. दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली असेल तर गहू वर्षभर राहतो. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण दाताखाली दाणा कडकन फुटला तर समजा वाळला, दबला तर अजून दोन दिवस ऊन द्या. कोठीत वाळलेला कडुनिंबाचा पाला चालतो. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावतात, तोही चालतो.

इथे मात्र एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. धान्यात टाकायची सल्फासची गोळी राहत्या घरात आणायचीच नाही. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो, तो जीवघेणा आहे आणि बंद खोलीत झोपलेल्यांना कळतही नाही. ती गोदामात प्रशिक्षित माणसाने वापरायची वस्तू. आमच्याकडे मिळणार नाही, कितीही ओळख असली तरी. राजमा-छोल्यांना बोरिक पावडर चोळून ठेवायची पद्धतही सोडून द्या. ती खाण्याची वस्तू नव्हे.

मसाले: अख्खे आणि कुटलेले

अख्खे मसाले दोन वर्षं सहज जातात. लवंग, मिरे, दालचिनी तर त्याहून जास्त. कुटले की सुगंधी तेल उडायला लागतं, म्हणून पूड सहा महिने ते वर्षभर. खराब होते असं नाही, पण दोन चमच्यांचं काम चार चमच्यांनी होतं. वर्षाचं तिखट भरणाऱ्यांनी काचेची बरणी उजेडात ठेवू नये, रंग उडतो. दाबून भरा, वर हिंगाचे खडे ठेवा आणि रोजच्या वापराचं तेवढंच छोट्या डबीत काढा.

गोडा मसाला या हिशेबात बसत नाही, आणि याच एका मसाल्यावर आम्हाला सगळ्यात जास्त विचारणा होते. त्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात, दोन्ही तेलकट. त्यामुळे धणे-जिऱ्याची पूड अजून ठणठणीत असताना गोडा मसाला खवट व्हायला लागतो. घरात बाहेर ठेवलात तर दोन-तीन महिने धरा, फ्रिजमध्ये सहा. ओळखायचं कसं? चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळा. ताज्या मसाल्याला आधी दगडफूल आणि लवंग येते, खोबरं मागून. जुन्याला आधीच खोबरेल तेलाच्या जुन्या बाटलीच्या झाकणासारखा वास येतो. तसा आला की आमटीत घालू नका, अख्खी आमटी वाया जाते. हेच खोबरं-लसणाच्या चटणीला आणि तिळकुटाला लागू. आम्ही म्हणूनच गोडा मसाला पाव किलोच्या वर एका वेळी द्यायला का-कू करतो. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी भाजलेली असल्यामुळे जरा बरी, पण दोन महिन्यांत संपवा.

पोह्यांवरचं जिरावण मीठ आणि आमचूर असल्यामुळे पावसाळ्यात गोळा होतं. खराब झालेलं नसतं.

तेल, तूप, शेंगदाणे, शेव

तेलाचं बंद पाकीट किंवा डबा छापील तारखेपर्यंत. उघडलेला १५ किलोचा डबा दोन-तीन महिन्यांत संपावा; चार माणसांच्या घरात तो तेवढ्यात संपत नसेल तर पाच लिटरचा कॅन घ्या, भाव थोडा जास्त पडला तरी. गॅसजवळच्या ओट्यावर तेल ठेवू नका, उष्णता आणि उजेड दोन्ही त्याचे वैरी. तळून उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला वापरा, ताज्या तेलात ओतू नका. हॉटेलवाल्यांना १ जुलै २०१८ पासून नियमच आहे की तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही. घरात मीटर नसतो, पण तेल काळपट झालं, फेस धरला, लवकर धूर सोडायला लागलं की त्याची वेळ झाली.

तूप मे महिन्यात पातळ होतं, ते बिघडणं नव्हे. ओला चमचा गेला तर मात्र वास येतो.

शेंगदाण्यांकडे नीट लक्ष द्या. दाणा हिरवट-काळा, बुरसलेला, चवीला कडू असेल तर फेका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजूनही जात नाही. निवडताना एखादा सुटला आणि तोंडात कडू लागला तर गिळू नका, थुंका.

सुटी शेव पंधरा दिवस चांगली, फुगीर बंद पाकिटातली तीन-चार महिने, कारण त्यात हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असतो. पाकीट फोडलं की दोघी सारख्याच.

मध साखरेसारखा रवाळ झाला की लोक भेसळ म्हणून परत आणतात. चांगला मधही थंडीत गोठतो, बरणी कोमट पाण्यात ठेवा. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवू नका, ताजा असो की जुना. आयोडीनयुक्त मिठात विक्रीच्या वेळी किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावं लागतं. उघड्या मिठातून ते हळूहळू कमी होतं, तेव्हा झाकण लावा.

दूध, मिठाई, भात

आम्ही दूध विकत नाही, तरी विचारता म्हणून. थैलीवरची तारीख फ्रिजमध्ये ठेवलेल्या थैलीची आहे. फ्रिज ५ अंशांच्या आत हवा. टेट्रापॅक बंद असेपर्यंत बाहेर चालतो, उघडला की फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस. सुट्या मिठाईच्या ट्रेवर १ ऑक्टोबर २०२० पासून ‘बेस्ट बिफोर’ लिहिणं बंधनकारक आहे, दुकानदाराला विचारून बघा. कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ल्यासारख्या मिठाया दोन दिवस, माव्याच्या साधारण चार. गणपतीत माव्याचे मोदक पहिल्या दिवशी आणून पाचव्या दिवशी वाटायचा बेत करू नका.

शिळ्या भाताचा फोडणीचा भात सगळ्यांना आवडतो. पण भात रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर नको. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, उबेत वाढतात, आणि त्यांचं विष परत परतूनही जात नाही. जेवण झाल्यावर दोन तासांत भात फ्रिजमध्ये.

खाण्याचं नसलेलं सामान

गॅसच्या सिलिंडरलाही तारीख असते. वरचं कडं आणि टाकी जोडणाऱ्या उभ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष रंगवलेलं दिसेल. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. ‘बी-२७’ म्हणजे जून २०२७ मध्ये त्या सिलिंडरच्या तपासणीची मुदत. मुदत टळलेला सिलिंडर दारातूनच परत करा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला, तडा दिसला तर त्याआधीच.

कपड्यांचं लिक्विड ब्लीच महिन्यागणिक सौम्य होत जातं, सहा महिन्यांत संपेल तेवढंच घ्या. ते आणि संडास साफ करायचं ॲसिडवालं लिक्विड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. धुण्याची पावडर ओल लागली नाही तर वर्षानुवर्षं राहते. बेकिंग पावडर चमचाभर गरम पाण्यात टाका, फसफसली नाही तर ढोकळ्यावर प्रयोग नको.

औषधावर नुसता महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर एक महिना. कालवलेलं ओआरएस २४ तास. टाकायची औषधं आणि जुने सेल ओल्या कचऱ्यात नकोत, सकाळच्या गाडीत घरगुती घातक कचऱ्याचा डबा वेगळा आहे.

बदलून कसं मिळेल

तारीख टळलेलं किंवा घेतल्यापासून आठवड्यात जाळी, किडा, खवटपणा निघालेलं पाकीट आणा, बदलून देऊ किंवा पैसे परत. डब्यात ओतलं असेल तर डब्यासकट आणा. बिलावर आमचा १४ अंकी एफएसएसएआय नंबर असतो. आमच्याकडून समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. बिल हरवलं असेल तरी पाकीट फेकू नका, त्यावरच्या बॅच नंबरवरून माल कधीचा ते आम्हाला कळतं.