खरखरीतपणाचे प्रकाशीय मापन

यंत्रावर काम चालू असतानाच, जॉबला (यंत्रावर चढवलेल्या धातूच्या तुकड्याला) स्पर्श न करता, पृष्ठभागावर प्रकाश टाकून फिनिश, म्हणजे तो किती गुळगुळीत आहे, हे मोजण्याची पद्धत. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातले ग्राइंडिंगवाले तिचे घरगुती रूप रोजच वापरतात. शाफ्ट फडक्याने पुसायचा, डोळ्यांपाशी आडवा धरायचा आणि ट्यूबलाइटकडे तिरपा करायचा. नळीची कडा त्यात सरळ उमटली तर ठीक. फाटलेली दिसली तर ग्राइंडिंगच्या चाकाला ड्रेसिंग द्यायची, म्हणजे ते पुन्हा धारदार करायची, वेळ आली.

या तिरपे करण्यामागे पक्के गणित आहे. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परततो, खरखरीतावरून विखुरतो. हेलियम-निऑन लेसरचा किरण (तरंगलांबी 0.6328 मायक्रॉन) सरळ वरून टाकला, तर 0.02 मायक्रॉन आरक्यूच्या (आरक्यू म्हणजे खाचांच्या उंचीची वर्गमूळ-सरासरी) पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशातला सुमारे 15 टक्के विखुरतो, 0.1 मायक्रॉनला सुमारे 98 टक्के. त्यापुढे सगळेच पृष्ठभाग सारखे निस्तेज दिसतात आणि मापन निरुपयोगी ठरते. हाच किरण लंबापासून 80 अंशांवर टाकला, तर 0.4 मायक्रॉनचा ग्राइंडिंग केलेला पृष्ठभागही सुमारे 15 टक्के प्रकाश आरशासारखा परतवतो. काही सेन्सर प्रकाशाचा कोनीय पसारा मोजतात. त्यांना खाचांची उंची नव्हे, उतार कळतो.

श्वेतप्रकाश व्यतिकरणमापन आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शन या प्रकाशीय पद्धती खाचांची उंची थेट मोजतात, पण धक्के सोसत नसल्याने बहुधा मापन-कक्षातच राहतात.

पृष्ठभागावरून सुई ओढून चढउतार मोजणारा टेस्टर अजूनही प्रमाण मानला जातो. 0.8 मिलिमीटर कटऑफची (एका नमुन्याच्या लांबीची) पाच अंतरे, म्हणजे 4 मिलिमीटर, सुई ओढायची तर जॉब थांबवावा लागतो. प्रकाशाला थांबावे लागत नाही, हाच त्याचा खरा फायदा.

अडचण प्रकाशाची नाही, कूलंटची, म्हणजे जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाची. कूलंटचा पातळ थर खाचा भरून टाकतो. मग खराब जॉबही चकचकीत दिसून पास होतो. थेंब तर भिंगासारखा वागतो. म्हणून मोजण्याआधी हवेचा झोत मारतात, आणि तो कोरडा हवा: कॉम्प्रेसरच्या लाइनमधले पाणी निघाले नसेल तर झोत स्वतःच थेंब शिंपडतो. टर्निंगच्या (लेथवर जॉब फिरवून कापण्याच्या) समांतर रेघा जाळीसारखा प्रकाश वेगवेगळ्या दिशांना फेकतात. किरण रेघांच्या बाजूने टाकला की आडवा, यावर आकडा बदलतो.

नाशकात डिझेल इंजेक्शनचे सुटे भाग बनतात, तिथे आणखी एक मर्यादा जाणवते. नीडलच्या (इंधनाची वाट उघडझाप करणाऱ्या बारीक दांडीच्या) बाहेरच्या अंगावर किरण सहज पोचतो. ती ज्यात सरकते त्या बारीक बोअरमध्ये (भोकात) पोचवणे कठीण.

ड्रॉइंगवर आरए (खाचांच्या उंचीची साधी सरासरी) लिहिलेला असतो, सेन्सर देतो प्रकाशाचा आकडा. दोन्हींचा मेळ त्याच धातूच्या, त्याच प्रक्रियेने केलेल्या मास्टर पीसवर (आरए आधीच माहीत असलेल्या नमुन्यावर) बसवावा लागतो. चाकाची ग्रिट (कणांची जाडी) बदलली की मेळ पुन्हा बसवायचा.