शस्त्रप्रदर्शनात मर्दानी खेळांची किंवा बटरफ्लाय चाकूची स्पर्धा भरवायची आहे? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

शिवजयंतीच्या आगेमागे कोल्हापूर, सातारा, पुणे भागात शस्त्रप्रदर्शनं भरतात. आत काचेच्या पेट्यांत धोप (लांब, सरळ तलवार), कट्यार, विटा (दोरी बांधलेला भाला) मांडलेला असतो आणि बाहेर मैदानात तालमीची पोरं लाठी नि पट्टा (लांब, लवचिक पात्याची तलवार, म्हणजे दांडपट्टा) फिरवत असतात. अलीकडे यात एक नवी मंडळी येऊ लागली आहे, बटरफ्लाय चाकू फिरवणारी. फिलिपाईन्समधल्या बातांगास प्रांतात या चाकूला बालीसाँग म्हणतात. दोन मुठींच्या मध्ये पातं मिटतं आणि बोटांवरून मुठी फिरवत ते उघडायचं-मिटायचं असतं. कॉलेजातली मुलं व्हिडिओ पाहून शिकतात, बहुतेक जण 'ट्रेनर'वर, म्हणजे सरावासाठीच्या बिनधारेच्या चाकूवर. मग प्रश्न येतोच: आमचीही स्पर्धा प्रदर्शनात ठेवता येईल का?

ठेवता येईल. मात्र यासाठी एकच छापील अर्ज नसतो. पोलीस, जागेचा मालक, महापालिका किंवा ग्रामपंचायत आणि गरज पडल्यास अग्निशमन दल अशा तीन-चार ठिकाणच्या परवानग्या जमवाव्या लागतात. त्यातली पोलिसांची परवानगी सगळ्यात कळीची. ती अडते तेव्हा बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर अडते, आणि तो मुद्दा म्हणजे धार.

आधी धार ठरवा, मग तारीख

अर्ज लिहायला बसण्याआधी स्पर्धेत कोणती शस्त्रं असतील आणि त्यांतल्या कशाला धार असेल, हे लेखी ठरवा. 'पारंपरिक शस्त्रांची प्रात्यक्षिकं' असं मोघम लिहिलेला अर्ज पोलीस ठाण्यात पडून राहतो, कारण उद्या काही घडलं तर उत्तर त्या अधिकाऱ्याला द्यावं लागतं. 'लाठी, फरी-गदका (लहान ढाल आणि सरावाची काठी), बोथट पट्टा, बिनधारेचे ट्रेनर. धारदार शस्त्र एकही नाही' हे वाचल्यावर त्याच अधिकाऱ्याचा सूर बदलतो.

स्पर्धा पूर्णपणे बोथट शस्त्रांवर घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. पट्ट्याने लिंबू कापण्याचा प्रकार ठेवायचाच असेल, तर तो स्पर्धेबाहेर काढा. वस्तादांच्या हातून, एकट्याचं प्रात्यक्षिक म्हणून करा आणि अर्जात तसा वेगळा परिच्छेद लिहा. बटरफ्लाय चाकूच्या बाबतीत तर धारेची गरजच नाही. कौशल्य आहे ते फिरवण्यात, टाकून झेलण्यात, लय न तुटण्यात, आणि हे सगळं ट्रेनरवर तितकंच दिसतं.

कायदा नेमकं काय म्हणतो

दोन कायदे समजून घ्या. पहिला केंद्राचा शस्त्र अधिनियम, १९५९. पोलिसांच्या भाषेत हत्यार कायदा. शस्त्र नियम, २०१६ मधल्या पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले, तसंच ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान जाहीर झाला, तरी त्याचं पातं ९ इंचांच्या कितीतरी पुढे जातं. मान मिळाला म्हणून परवानगीतून सुटका होत नाही.

अशी शस्त्रं बनवायला किंवा विकायला परवाना लागतो, विक्रीसाठी मांडायलाही लागतो. म्हणून प्रदर्शनात तलवारींचा स्टॉल देताना विक्रेत्याच्या परवान्याची प्रत आधी हातात घ्या. 'शोभेची आहे' हे विक्रेत्याचं तोंडी आश्वासन पंचनाम्यात कामाला येत नाही. कुरिअरने तलवारी मागवण्याच्या फंदात तर पडूच नका. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड आणि औरंगाबादला कुरिअरने आलेल्या तलवारींचे साठे पोलिसांनी पकडले, तेव्हापासून अशा पार्सलांवर नजर असते.

पुरातन मूल्याच्या, जुन्या घडणीच्या शस्त्रांना या कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे. गेल्या वर्षी लोहाराकडून घडवून घेतलेली प्रतिकृती मात्र त्यात बसत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि तिचा विक्री-व्यवसाय करायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. नुसतं मांडायचं असेल तर मालकाचं पत्र, वस्तूचे फोटो आणि पेटीला कुलूप एवढी तयारी ठेवा.

दुसरा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. आयोजकांचे पाय अडकतात ते यात. कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. सण, जयंत्या, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात हे आदेश एकामागून एक निघत राहतात, त्यामुळे वर्षातले बरेच दिवस कुठला ना कुठला आदेश लागू असतो. त्यातली यादी वाचा: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू. म्हणजे मर्दानी खेळाची साधी लाठीसुद्धा त्यात आली, आणि बिनधारेचा ट्रेनरही 'इजा करता येईल अशी वस्तू' म्हणून अडवला जाऊ शकतो. कलम १३५ प्रमाणे ३७(१) चा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. विशेष कारण नोंदवल्याशिवाय चार महिन्यांहून कमी शिक्षा देता येत नाही.

यावर उपाय आदेशातच असतो. परवानगी घेतलेल्या कार्यक्रमांना बहुतेक आदेशांत सूट दिलेली असते. म्हणून परवानगीपत्रावर शस्त्रांची यादी जोडलेली आणि शिक्का मारलेली असली पाहिजे. मैदानात ठेवायची ती झाली आयोजकाची प्रत. सामान घेऊन येणाऱ्या प्रत्येक संघप्रमुखाकडेही तिची झेरॉक्स हवी, कारण नाकाबंदी मैदानात नसते, रस्त्यावर असते.

बटरफ्लाय चाकूवाल्यांसाठी थोडं वेगळं

या चाकूचं पातं साधारण चार इंचांच्या आसपास असतं, त्यामुळे मापाने तो पाचव्या वर्गाबाहेर राहतो. एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. शस्त्र अधिनियमातली शस्त्राची व्याख्या व्यापक आहे आणि धारदार पात्याची वस्तू परदेशातून आणायला त्यातलं कलम १० आडवं येतं. सुट्टीला येणाऱ्या भावाला 'येताना एक घेऊन ये' असं सांगू नका. ब्रिटन, जर्मनीत तर या चाकूवर बंदीच आहे, म्हणजे तो तिथेच अडकायचा.

दिल्लीला जाणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. तिथल्या १९८० च्या अधिसूचनेत बटणाचे, स्प्रिंगचे, गरारीचे (दातेरी खटक्याचे) आणि इतर कोणत्याही यांत्रिक रचनेने उघडणारे-मिटणारे चाकू येतात. पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असेल, तर ते विनापरवाना जवळ बाळगणं हाच गुन्हा. इथे चालतं म्हणून तिथे चालेल, असं गृहीत धरून पिशवीत टाकून रेल्वेत बसू नका.

ट्रेनर विमानाने न्यायचा असेल तर चेक-इन सामानात ठेवा. क्ष-किरणाच्या पडद्यावर धार दिसत नाही, आकार दिसतो.

आयोजक आणि स्पर्धक कोण असू शकतो

नोंदणीकृत संस्थेच्या नावाने अर्ज केला तर काम सोपं होतं. तालीम, आखाडा, क्रीडा मंडळ किंवा इतिहासप्रेमी मंडळ, कोणीही चालेल, फक्त संस्था नोंदणी अधिनियम, १८६० किंवा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचं नोंदणी प्रमाणपत्र हवं. नोंदणी नसलेल्या मित्रमंडळींनी एखाद्या नोंदणीकृत तालमीसोबत संयुक्त अर्ज करावा. मर्दानी खेळाचे वस्ताद आणि चाकू फिरवणारी पोरं एकाच अर्जावर आली तर दोघांचाही फायदा होतो. वस्तादांना पोलीस ठाणं ओळखत असतं आणि पोरांकडे कामाला हातभार लावणारे लोक असतात.

अर्जावर सही करणारे दोन-तीन पदाधिकारी गुन्हा दाखल नसलेले असावेत. त्यांची चारित्र्य पडताळणी आधीच करून ठेवली तर चौकशीचे दिवस वाचतात.

स्पर्धकांच्या वयाबद्दल मी आग्रही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये १८ वर्षांवरील माणसाने संमतीने पत्करलेल्या इजेबद्दल तरतूद आहे. आधीच्या दंड संहितेत हेच कलम ८७ होतं आणि त्याखालचं उदाहरण गंमत म्हणून तलवारबाजी करणाऱ्या दोघांचंच होतं. पण ही तरतूद १८ पूर्ण झालेल्यांसाठीच आहे, आणि जिवाला किंवा गंभीर दुखापतीला कारण होईल असं माहीत असताना केलेल्या कृतीला ती लागू होत नाही. १५ वर्षांच्या मुलाच्या पालकाची सही घेतली म्हणून आयोजक सुटला, असं होत नाही. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचं कलम १२५ तेव्हाही उभं असतं. म्हणून १८ खालच्यांना फक्त लाठी, फरी-गदका आणि प्लास्टिकचे ट्रेनर द्या, शिवाय पालकांचं संमतीपत्र घ्या. समोरासमोरच्या लढती प्रौढांच्याच ठेवा आणि त्याही बोथट शस्त्रांवर, डोक्याला संरक्षण बांधून.

अर्ज कुठे, कसा

ज्या हद्दीत मैदान आहे त्या पोलीस ठाण्यात, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज द्यायचा. आयुक्तालयाच्या शहरात तो पुढे सहायक आयुक्त आणि उपायुक्तांकडे जातो. ग्रामीण भागात उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांचा अभिप्राय घेतला जातो आणि मनाई आदेश लागू असेल तर विषय जिल्हादंडाधिकारी कार्यालयापर्यंत जाऊ शकतो. निदान महिनाभर आधी अर्ज द्या. गणपती, नवरात्र किंवा निवडणुकीची तारीख जवळ असेल तर त्याहून आधी, कारण तेव्हा बंदोबस्तालाच माणसं पुरत नाहीत.

अर्जाचा मजकूर लांबवू नका. साधारण असा असावा:

'विषय: दिनांक … रोजी … येथे बोथट शस्त्रांच्या कौशल्य स्पर्धेस परवानगी मिळणेबाबत.
महोदय, आमच्या संस्थेतर्फे वरील दिनांकास सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत शस्त्रप्रदर्शन व मर्दानी खेळांची स्पर्धा आयोजित करण्याचे योजिले आहे. स्पर्धेत वापरावयाच्या सर्व वस्तू बिनधारेच्या असून त्यांची यादी मापे व फोटोंसह सोबत जोडली आहे. यादीबाहेरील कोणतीही वस्तू मैदानात येणार नाही याची जबाबदारी खालील पदाधिकाऱ्यांवर राहील.'

सर्वांत जास्त मेहनत शस्त्रयादीवर घ्या. तक्त्यात अनुक्रमांक, वस्तूचं नाव, एकूण लांबी, पात्याची लांबी-रुंदी, धार आहे की नाही, मालकाचं नाव आणि ती कोण घेऊन येणार एवढे रकाने ठेवा. मापं इंच आणि सेंटिमीटर दोन्हीत लिहा. फोटो काढताना पात्याशेजारी मोजपट्टी ठेवा. बोथट केलेल्या पट्ट्याची कड आणि टोक जवळून दाखवणारा आणखी एक फोटो जोडा. चौकशीला येणारा हवालदार हीच यादी हातात घेऊन वस्तू मोजतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या.

सोबत जोडायची कागदपत्रं

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि स्पर्धेबाबतच्या ठरावाची प्रत
- पदाधिकाऱ्यांचे आधार कार्ड, फोटो, मोबाईल क्रमांक
- जागेचा ना हरकत दाखला: महापालिकेचं मैदान असेल तर क्षेत्रीय कार्यालयाचा, गावात ग्रामपंचायतीचा, शाळेचं पटांगण असेल तर संस्थाचालकांचा
- शस्त्रयादी, फोटो आणि विक्रेते असतील तर त्यांच्या परवान्यांच्या प्रती
- मैदानाचा हाताने काढलेला नकाशा: रिंगण, प्रेक्षक, येण्याजाण्याची वाट, रुग्णवाहिकेची जागा
- स्पर्धकांची नावं, वयं आणि संमतीपत्रं
- डॉक्टर किंवा रुग्णालयाचं उपस्थितीबाबतचं पत्र
- हमीपत्र (साध्या कागदावर चालतं का ते आधी विचारा, मुद्रांकावर मागितलं तर ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा लागतो)

ध्वनिक्षेपकाची परवानगी त्याच पोलीस ठाण्यातून वेगळी घ्यावी लागते आणि रात्री १० नंतर तो बंद. मांडव घालणार असाल तर महापालिकेची आणि अग्निशमन दलाची परवानगी हवी. पेटत्या बनेटीचा (टोकांना पेटते गोळे लावून फिरवायच्या काठीचा) खेळ ठेवला असेल तर तो अग्निशमन दलापासून लपवू नका, बंब उभा राहिला तर भलंच आहे. तिकीट लावणार असाल तर करमणुकीच्या कार्यक्रमाचा परवाना लागतो. तो शक्य असेल तर टाळा आणि प्रवेश मोफत ठेवा.

मैदानात काय बघितलं जातं

अधिकारी पाहणीला येतात तेव्हा त्यांची नजर रिंगण आणि पहिली रांग यांच्यातल्या अंतरावर असते. हातून सुटलेला पट्टा किंवा उडालेला ट्रेनर किती लांब जाईल, याचा हिशेब करून दुहेरी दोर बांधा आणि लहान मुलांना पहिल्या रांगेत बसवू नका. प्रवेशद्वाराशी एक टेबल लावून प्रत्येक वस्तू यादीशी ताडून पाहा, कागदावर पातं ओढून धार तपासा आणि तपासलेल्या वस्तूला रंगीत चिकटपट्टी लावा. चिकटपट्टी नसलेली वस्तू रिंगणात नाही. फेरी संपली की वस्तू टेबलावर परत. स्पर्धकाने ती कमरेला लावून चहाच्या टपरीवर जायचं नाही, कारण परवानगी मैदानापुरती असते.

परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा. बहुतेक वेळा कारण तारखेचं किंवा जागेचं निघतं. आठ दिवस पुढे सरकून किंवा चौकातून बंदिस्त सभागृहात जाऊन त्याच अर्जाला होकार मिळू शकतो. कारण शस्त्रांचं असेल तर यादीतून ती वस्तू काढून सुधारित अर्ज द्या. त्याउपर वरिष्ठ अधिकाऱ्यांना भेटता येतं, आणि तेव्हा आवक शिक्क्याची प्रत जवळ हवी.

स्पर्धा आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात एक पत्र द्या: कार्यक्रम शांततेत पार पडला, यादीतल्या सर्व वस्तू मोजून मालकांना परत दिल्या, किरकोळ दुखापती झाल्या असतील तर त्या अशा. याचीही पोच घ्या आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाला पहिलं सहपत्र म्हणून जोडा.